आठ दिवसांचा उशीर आणि पिशवीतल्या सहा पट्ट्या : वडोदऱ्यातील एक प्रकरण

या प्रकरणातील स्त्री वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या मराठी कुटुंबातली सून, वय २९, शाळेत गणित शिकवणारी. ओळख पटू नये इतपत घरगुती तपशील बदलले आहेत. जुलै २०२३ मध्ये ती, तिचा नवरा आणि सासूबाई असे तिघे माझ्याकडे आनुवंशिकीच्या सल्ल्यासाठी आले, तेव्हा नवऱ्याच्या हातात जनुकीय चाचणीचा अकरा पानांचा रंगीत अहवाल होता आणि सासूबाईंच्या हातात गोळ्यांनी भरलेली एक कापडी पिशवी. पहिले बाळ गमावून पाच महिने झाले होते. प्रश्न नवऱ्याने विचारला : "डॉक्टर, रिपोर्टमध्ये दोष निघालाय. मग साधं फॉलिक ॲसिड बंद करून ती मिथाइलवाली महागाची गोळीच घ्यायची ना?"

अहवालाकडे वळण्याआधी पहिल्या गर्भारपणाच्या तारखा कागदावर मांडून घेतल्या, कारण अशा प्रकरणात अर्धा इतिहास तारखांमध्येच असतो. तिला पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित करणाऱ्या बीजाशयाच्या विकाराचा त्रास होता, पाळी कधी पस्तीस तर कधी पन्नास दिवसांनी येई, आणि त्यासाठी ती अडीच वर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहातही वापरले जाणारे औषध घेत होती. २०२२ चे नवरात्र गेले, दिवाळी गेली. पाळी लांबली याचे घरात कोणालाच नवल वाटले नाही. २१ नोव्हेंबरला घरच्या चाचणीत दोन रेघा दिसल्या, त्याच दिवशी सोनोग्राफीत गर्भ सात आठवडे एक दिवसाचा भरला, आणि संध्याकाळी रावपुऱ्यातल्या औषधांच्या दुकानातून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आल्या. त्या दिवसापासून तिने एकही गोळी चुकवली नाही, हे तिने मला दोनदा सांगितले.

गर्भाचे वय शेवटच्या पाळीपासून मोजण्याची रीत आहे, त्यामुळे सात आठवड्यांचा म्हटला जाणारा गर्भ प्रत्यक्षात पाच आठवड्यांचा असतो. तिच्या बाबतीत गर्भधारणा १६ ऑक्टोबरच्या सुमाराची ठरते. न्यूरल ट्यूब, म्हणजे ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती, आरंभी पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा एकमेकींना मिळतात. हे मिळणे गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी मानेच्या भागापासून सुरू होते, डोक्याकडचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होते आणि कमरेकडचे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. तिच्या दिनदर्शिकेत हा अठ्ठाविसावा दिवस १३ नोव्हेंबरला येतो. पहिली गोळी त्यानंतर आठ दिवसांनी पोटात गेली. फेब्रुवारीच्या मध्यात, एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या कमरेच्या मणक्यांची कमान उघडी दिसली. डोक्याचा आकार लिंबासारखा आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला, ही उघड्या स्पायना बायफिडाची, म्हणजे पाठीचा कणा न मिटण्याच्या दोषाची ओळखीची खूणही होती. कुटुंबाने गर्भपाताचा निर्णय घेतला. त्या वेळी गर्भाच्या ऊतीची गुणसूत्र तपासणी झाली नाही. अशा दोषामागे क्वचित अठराव्या गुणसूत्राची ट्रायसोमी, म्हणजे दोनऐवजी तीन प्रती असणे, हेही कारण असते, आणि ती शक्यता कायमची निकाली काढण्याची संधी तिथेच गेली, ही या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी त्रुटी आहे.

आता अहवाल. त्यात एमटीएचएफआर नावाच्या जनुकाच्या ६७७ क्रमांकाच्या जागी एका प्रतीत 'सी' आणि दुसऱ्या प्रतीत 'टी' हे डीएनएचे अक्षर असल्याचे लाल चौकटीत छापलेले होते. हे जनुक ज्या एन्झाइमचा नमुना बाळगते ते फोलेटला, म्हणजे ज्या जीवनसत्त्वाचे गोळीतले रूप फॉलिक ॲसिड आहे त्याला, मिथाइल रूपात बदलते. हा फरक आणि त्यामुळे एन्झाइम उष्णतेला लवकर बळी पडते ही गोष्ट १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली; प्रयोगशाळेत मोजले असता दोन्ही प्रती 'टी' असणाऱ्यांत एन्झाइमचे काम मूळच्या सुमारे ३० टक्क्यांवर येते, एकच प्रत 'टी' असेल तर सुमारे ६५ टक्क्यांवर. हे आकडे ऐकून कोणीही घाबरेल, परंतु ते परीक्षानळीतले आहेत. प्रत्यक्ष माणसांत, सारखेच फॉलिक ॲसिड घेणाऱ्या दोन गटांची तुलना केली, तर दोन्ही प्रती 'टी' असणाऱ्यांच्या रक्तातले फोलेट इतरांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनीच कमी आढळते. म्हणजे ही माणसे फॉलिक ॲसिड वापरूच शकत नाहीत, हा बाजारात फिरणारा समज चुकीचा आहे. आमच्या रुग्णाकडे तर एकच प्रत 'टी' होती, आणि असे लोक प्रत्येक गल्लीत असतात. त्याला लाल चौकट देणे ही छापणाऱ्याची हौस म्हणावी लागेल.

त्याहून महत्त्वाचे असे की न्यूरल ट्यूबचे दोष रोखण्याचा जो पुरावा जगाकडे आहे, तो साध्या फॉलिक ॲसिडचा आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीच्या बाळात असा दोष असलेल्या स्त्रियांना दिवसाला ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून दिले गेले आणि दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. पुढच्याच वर्षी हंगेरीतून, पूर्वी असा दोष न झालेल्या स्त्रियांतही ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या गोळीने संरक्षण मिळते असे दिसले. मिथाइलफोलेटची अशी एकही चाचणी झालेली नाही. या जीवनसत्त्वाची कहाणी आपल्या बाजूलाच सुरू झाली होती, हे या कुटुंबाला सांगितले तेव्हा सासूबाईंना भारी वाटले : ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंनी मुंबईत गरीब गर्भवतींच्या पंडुरोगावर, म्हणजे रक्ताल्पतेवर, काम करून, यीस्टच्या अर्कातला एखादा घटक तो बरा करतो, असे १९३१ मध्ये मांडले, आणि तोच घटक पुढे फोलेट ठरला.

मग पिशवी टेबलावर उलटी केली. सहा पट्ट्या निघाल्या. पट्टीमागची अक्षरे इतकी बारीक, आणि घटकांची यादी नेमकी ज्या जागी छापलेली असते तिथूनच गोळ्या ढकलून काढल्यामुळे चांदीचा कागद फाटलेला, की मला दोन ठिकाणी नुसता अंदाज करावा लागला. सासूबाईंनी पर्समधून पोथी वाचायचे भिंग काढले आणि त्या मोठ्याने वाचू लागल्या. नवरा अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेऊ लागला. एका पट्टीत ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, एकीत इंटरनेटवरून मागवलेले मिथाइलफोलेट, एकीत कॅल्शियम. उरलेल्या तिन्हींत, म्हणजे दोन वेगवेगळ्या मल्टिव्हिटॅमिनांत आणि केस-त्वचा-नखांसाठीच्या कॅप्सूलमध्ये, प्रत्येकी ५,००० युनिट रेटिनॉल रूपातले 'अ' जीवनसत्त्व.

"काकू, बी-बारा किती लिहिलंय?" मी विचारले.

"एक मायक्रोग्रॅम," भिंग हलवत त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर पण एकच. कॅप्सूलवर नाहीच."

'अ' जीवनसत्त्वाची बेरीज दिवसाला १५,००० युनिट झाली होती. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पूरक गोळ्यांतून दिवसाला १०,००० युनिटपेक्षा जास्त रेटिनॉल घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ५७ त एका बाळात या जीवनसत्त्वामुळे व्यंग झाल्याचा अंदाज मांडला गेला, आणि ती व्यंगे प्रामुख्याने चेहरा, कवटी, हृदय यांना आकार देणाऱ्या पेशींशी निगडित होती. कारण रेटिनॉलपासून बनणारे रेटिनोइक आम्ल हे गर्भात कोणते जनुक कुठे चालू व्हावे हे ठरवणाऱ्या संदेशांपैकी एक आहे, आणि संदेश नको त्या जागी मोठ्याने गेला की घडण बिघडते. गाजर-पपईतल्या बीटा कॅरोटीनला हा आरोप लागू नाही. त्या दोन मल्टिव्हिटॅमिनांना आणि कॅप्सूलला त्याच दिवशी निरोप देण्यात आला.

रक्ताच्या तपासण्यांनी खरी बाजू उघड केली. हिमोग्लोबिन १०.४ आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ९, दोन्ही कमी; तांबड्या पेशींचा सरासरी आकार ८४, म्हणजे अगदी सामान्य. थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका हिमोग्लोबिन ए-टूच्या चाचणीने मिटली, साखर आणि थायरॉइडही ठीक निघाले. बी-१२ मात्र मिलिलिटरला १३४ पिकोग्रॅम होते, जे २०० च्या वर असायला हवे. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की रक्तात साचणारे होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल २६ होते, जे १५ च्या आत असायला हवे. आणि फोलेट यंत्राच्या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे. पेशींचा आकार सामान्य का दिसला, हे समजून घेण्यासारखे आहे : बी-१२ ची कमतरता पेशी मोठ्या करते, लोहाची कमतरता लहान करते, आणि दोन्ही एकत्र असतील तर सरासरी निरागस दिसते. त्यात भरपूर फॉलिक ॲसिड पोटात जात असेल, तर बी-१२ च्या कमतरतेचा पंडुरोग आणखीच झाकला जातो. कुटुंब पिढ्यानपिढ्या शाकाहारी, घरात अंडेही नाही, दूध म्हणजे दोन वेळचा चहा आणि जेवणात वाटीभर ताक. त्यावर अडीच वर्षे मेटफॉर्मिन, जे आतड्यातून बी-१२ शोषले जाण्यात अडथळा आणते. या काळात औषधाची चिठ्ठी कितीदा तरी पुन्हा लिहिली गेली. बी-१२ एकदाही मोजले गेले नव्हते.

फोलेट ओसंडून वाहत असताना ते कमी असल्यासारखे का वागावे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. खंडेराव मार्केटमध्ये पहाटे मेथी-पालकाच्या गाड्या येतात, तिथे माल उतरवणारा हमालच आला नाही अशी कल्पना करावी. एमटीएचएफआर एन्झाइम फोलेटची गाडी भरून, म्हणजे तिच्यावर मिथाइल गट लादून, पुढे पाठवते, आणि या वाटेने गाडी मागे फिरू शकत नाही. तो गट उतरवून होमोसिस्टीनला देणे आणि त्याचे मिथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल करणे हे काम ज्या एन्झाइमचे आहे, त्याला बी-१२ शिवाय हात नसतात. हमाल नसला की भरलेल्या गाड्या नाक्यावर अडकतात, रिकाम्या गाड्या परत येत नाहीत, आणि त्या रिकाम्या गाड्यांवरच तर डीएनएच्या घडणीला लागणाऱ्या थायमिडीनची ने-आण व्हायची असते. बाहेरून साधे फॉलिक ॲसिड घातले तर ते काही काळ रिकाम्या गाड्यांचा पुरवठा करते, म्हणून रक्त सुधारते; पण मिथिओनिनच्या बाजूचे काम, ज्यातून पेशींच्या डीएनएवर जनुके चालू-बंद करणाऱ्या मिथाइल खुणा पडतात, तसेच तुंबलेले राहते. आणि नुसती मिथाइलफोलेटची गोळी देणे म्हणजे नाक्यावर आणखी भरलेल्या गाड्या आणून उभ्या करणे. नवऱ्याने हे ऐकल्यावर ती पट्टी स्वतःहून बाजूला सारली.

लाल चौकटीतले जनुक निर्दोष ठरले, म्हणून आनुवंशिकतेचा भाग संपला असे नाही. न्यूरल ट्यूबच्या दोषांमध्ये आनुवंशिक वाटा ६० ते ७० टक्के असल्याचा अंदाज दिला जातो, परंतु तो एका जनुकाचा नसून अनेक लहानसहान फरकांचा मिळून असतो. भारतीय स्त्रियांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळेच जनुक पुढे आले : टीसीएन२. रक्तातले बी-१२ पेशींपर्यंत वाहून नेणाऱ्या ट्रान्सकोबालामिन या प्रथिनाचा नमुना त्यात असतो, आणि त्यातल्या ७७६ क्रमांकाच्या जागी दोन्ही प्रती 'जी' असलेल्या मातांमध्ये दोषाचा धोका अधिक दिसला. आयर्लंडमध्ये २००९ च्या संशोधनात, गर्भारपणात बी-१२ मिलिलिटरला २५० पिकोग्रॅमपेक्षा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका अडीच ते तीन पट आढळला, आणि गर्भधारणेपूर्वी ही पातळी ३०० च्या वर असावी असे संशोधकांनी सुचवले. फॉलिक ॲसिड घेऊनही उरणाऱ्या दोषांच्या चर्चेत, आपल्यासारख्या शाकाहारी समाजात, माझी नजर तरी आधी इथे जाते. टीसीएन२ ची चाचणी करावी का, असे तिने स्वतः विचारले. आम्ही ती केली नाही, कारण उत्तर काहीही आले असते तरी उपाय बी-१२ पुरेसे देणे हाच होता. उपचार न बदलणारी चाचणी कुतूहल शमवते आणि खिसा हलका करते.

जनुक आणि जीवनसत्त्व यांची जोडी कधीकधी अगदी एकास एक जुळते, हेही इथे नोंदवले पाहिजे, नाहीतर सगळ्याच जनुकीय चाचण्या निरुपयोगी असा अर्थ निघेल. स्प्लॉच नावाच्या उंदरांमध्ये पॅक्स३ जनुकाच्या बिघाडामुळे होणारे दोष फॉलिक ॲसिडने कमी होतात. कर्ली टेल नावाच्या उंदरांमध्ये दोष दिसायला तसाच, पण त्यांच्यावर फॉलिक ॲसिडचा परिणाम होत नाही, इनॉसिटॉल या जीवनसत्त्वासारख्या पदार्थाचा होतो. सिडनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एचएएओ आणि केवायएनयू या जनुकांत बिघाड असलेल्या कुटुंबांची माहिती दिली. त्यांची बाळे हृदय, मणके आणि मूत्रपिंड यांच्या व्यंगांसह जन्मली होती, कारण अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून एनएडी, म्हणजे पेशींच्या कामाला लागणारा एक रेणू, बनवण्याची वाटच बंद होती. तसाच बिघाड केलेल्या उंदरांच्या माद्यांना नायसिन, म्हणजे बी-३, दिल्यावर पिल्लांतली व्यंगे टळली. यावरून 'बी-३ घेतले की गर्भपात टळतो' अशा बातम्या आपल्याकडेही फिरल्या. जिथे वाट बंद आहे तिथेच वळणरस्ता उपयोगी पडतो. वाट मोकळी असणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

उपचार तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवले. बी-१२ ची १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला आणि नंतर महिन्याला एक. त्यानंतर रोजची गोळी. लोहाची गोळी, चहापासून दोन तास दूर. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमच ठेवले, कारण आधीचे बाळ बाधित असणाऱ्या स्त्रीला ४ मिलिग्रॅमची शिफारस आहे आणि आपल्या दुकानांत सहज मिळते ती ५ ची गोळी. ज्या स्त्रीला असा इतिहास नाही तिला याच्या दहाव्या भागाहून कमी, ४०० मायक्रोग्रॅम पुरतात, हे मी सासूबाईंना मुद्दाम सांगितले, कारण मोठा डोस म्हणजे जास्त काळजी असा हिशेब घरोघरी होतो आणि पिशवीतल्या गोळ्या नणंदेकडे जातात. बी-१२ भरून येईपर्यंत गर्भधारणा पुढे ढकलायची, ही अट तिला सर्वांत जड गेली. "अजून थांबायचं?" इतकेच ती म्हणाली. ऑक्टोबर अखेरीस बी-१२ ४९० झाले, होमोसिस्टीन ९ वर आले, आणि थांबणे संपले.

उत्तरायणाच्या आठवड्यात तिचा फोन आला. गर्भ तेव्हा पाच आठवड्यांचा होता, म्हणजे न्यूरल ट्यूब अजून मिटायची होती आणि या खेपेला गोळी तिच्या सहा महिने आधीपासून शरीरात होती. मार्च अखेरीस, सोळाव्या आठवड्यात, आईच्या रक्तातले अल्फा फिटोप्रोटीन, म्हणजे बाळाची पाठ उघडी असेल तर वाढणारे प्रथिन, सामान्य निघाले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचे मणके मानेपासून माकडहाडापर्यंत एकेक मोजले गेले. तिने नंतर सांगितले की पडद्याकडे न बघता ती मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपती बसायच्या पाच दिवस आधी, २,८४० ग्रॅम वजनाची मुलगी झाली. पाठ नीट मिटलेली.

या निकालाचा अर्थ लावताना हात आखडता घेणे भाग आहे. एका बाळात असा दोष झाल्यावर पुढच्या बाळात तो पुन्हा होण्याची शक्यता, काहीही न करता, साधारण शंभरात तीन असते. म्हणजे बी-१२ चे इंजेक्शन नसते, फॉलिक ॲसिड नसते, तरी सत्त्याण्णव खेपांना असेच घडले असते. पहिल्या गर्भाच्या वेळचे रक्त कोणी जपून ठेवलेले नाही, त्यामुळे तेव्हा फोलेट कमी होते, की बी-१२, की दोन्ही, की कारण भलतेच होते, हे आता कळणार नाही. माझे मत इतकेच आहे की ज्या दोन गोष्टी दुरुस्त करता येण्याजोग्या होत्या, त्या लाल चौकटीच्या बाहेर होत्या : गोळी सुरू होण्याची तारीख, आणि पट्टीवर एक मायक्रोग्रॅम म्हणून छापलेले जीवनसत्त्व.

बाळंतपणानंतर फॉलिक ॲसिडचा मोठा डोस थांबवला, बी-१२ मात्र चालू ठेवले. आईच्या शरीरात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरते, आणि केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान कंप सुटणे, शिकलेल्या हालचाली विसरणे अशी लक्षणे दिसू शकतात. शाकाहारी घरांतली बाळे तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र परिचित आहे. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा आईचे बी-१२ ४१० होते. त्या भेटीला सासूबाई धाकट्या मुलाच्या होणाऱ्या बायकोला बरोबर घेऊन आल्या होत्या. लग्नाला दोन महिने होते. त्यांनी पर्समधून भिंग काढले, ४०० मायक्रोग्रॅमची पट्टी त्याखाली धरली आणि तिला विचारले, "ही आजपासून चालू केली तर चालेल ना गं तुला?"